निळ्या रोबोटला सुट्टी द्या!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

मित्रांनो, लेखाची सुरुवात कबुलीजबाबाने करतो. यंदाच्या टेक-फेस्टचं जे पोस्टर मेन गेटवर झळकत होतं, ते पाप माझंच. निळीशार पार्श्वभूमी, त्यावर पांढराशुभ्र गुळगुळीत रोबोट, काचेच्या कवटीत चमकणारा मेंदू, मागे शून्य-एकचा पाऊस, आणि रोबोटचं बोट एका माणसाच्या बोटाला आत्ता टेकतंय की मग टेकतंय अशा बेतात. खाली ठसठशीत अक्षरांत 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग'. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन ते चार या वेळात उरकलेलं काम. कमिटीने बघितलं, "कडक!" म्हणाली, आणि सकाळी ते फ्लेक्सवाल्याकडे गेलंसुद्धा.

त्याची एक लहान प्रत मेसमध्ये, हात धुवायच्या बेसिनशेजारी लागली. रविवारी दुपारी मी ताट घेऊन उभा होतो. पोळ्या लाटणाऱ्या मावशी हात पुसत आल्या आणि चित्रासमोर थांबल्या.

"दादा, ह्यो कोन?"

"हा एआय, मावशी. कृत्रिम बुद्धिमत्ता. म्हणजे कॉम्प्युटरला माणसासारखं डोकं."

मावशींनी त्याचा हात नीट न्याहाळला. "बोटं तर चांगली हायेत. पोळ्या लाटंल का?"

आम्ही सगळे हसलो. मावशी फारशा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "न्हाई, इचारते आपलं. माझी लेक बी त्येच करती म्हनं, एआय. तालुक्याला हापिस हाय. दिवसभर रस्त्याचे फोटू येत्यात, त्यातल्या गाड्यांभवती चौकोन काढायचे. रिक्षा दिसली की रिक्षाला, म्हस दिसली की म्हशीला. मग ह्या चित्रात ती कुटं हाय?"

तोंडात घास होता म्हणून वाचलो. नाहीतरी उत्तर नव्हतंच. पाच सेमिस्टर झाली, मशीन लर्निंगचं इलेक्टिव्ह घेतलंय, ओरलला एक्स्टर्नलसमोर 'सुपरव्हाइज्ड लर्निंग म्हणजे काय' हे घडाघडा म्हणून दाखवलंय. लेबल लावलेला डेटा लागतो, हेही म्हटलंय. पण ती लेबलं लावतं कोण, हा प्रश्न ना एक्स्टर्नलने विचारला, ना मला पडला. आणि मी काढलेल्या चित्रात तर लेबलही नव्हतं, डेटाही नव्हता. नुसता निळा बाबा उभा!

तेव्हापासून एकच किडा डोक्यात वळवळतोय : एआयचं चित्र काढायचं तर काढायचं काय? जे वाचलं, पाहिलं आणि जे करून फसलो, ते इथे मांडतोय.

हा बाबा आला कुठून?

'रोबोट' हा शब्द चेक भाषेतून आला. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं आणि १९२१ मध्ये ते प्रागच्या रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि हा योसेफ स्वतः चित्रकार होता. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. तेव्हा रोबोट म्हणजे सरळ आपल्या मराठीत वेठबिगार! गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीतच. कारखान्यात रसायनांपासून तयार केलेली, दिसायला माणसांसारखी, फक्त राबण्यासाठी जन्माला घातलेली ती पात्रं आहेत. त्या शब्दात पहिल्यापासून मेहनत होती, घाम होता. पुढे चित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी पत्रा चढवला आणि घाम पुसून टाकला.

पत्र्याचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटातली धातूची बाई. त्यानंतर पडद्यावर किती रोबोट येऊन गेले त्याची गणती नाही. वेगळा विचार करणारेही होते. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' मधला 'हॅल' आठवा. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. एक लाल भिंग आणि एक शांत आवाज, बस्स. तरी अंगावर काटा येतो. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीही रोबोट न काढता काम भागत होतं.

आणि ते टेकणारं बोट? ते मायकेलअँजेलोचं. रोममधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर त्याने १५०८ ते १५१२ या काळात जी चित्रं रंगवली, त्यातलं देव आणि आदम यांचं चित्र. माझ्या पोस्टरमध्ये देव कोण आणि आदम कोण हे मला विचारू नका. मी फक्त कॉपी मारली होती.

बिघडलं कुठे?

रूममेट म्हणाला, "अरे पोस्टर आहे ते, प्रोजेक्ट रिपोर्ट नाही. एवढा काय सिरियस होतोस?" मुद्दा रास्त होता, म्हणून जरा खोदून पाहिलं. चार ठिकाणी गफलत दिसली.

पहिली गफलत शरीराची. आपण रोज ज्या एआयच्या संपर्कात येतो त्याला अंगच नसतं. ई-मेलमधला कचरा बाजूला काढणारं, मोबाइलवर पुढचा शब्द सुचवणारं, कर्ज द्यायचं की नाही याचा अंदाज बांधणारं, पिकाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं, ही सगळी वेगवेगळी सॉफ्टवेअर्स. त्या सगळ्यांना एकच पांढरा पुतळा डकवणं म्हणजे सायकल, एसटी, होडी आणि विमान या सगळ्यांसाठी एकच चित्र काढून खाली 'वाहन' लिहिण्यासारखं आहे.

दुसरी गफलत रंगाची. केंब्रिजमधल्या स्टीफन केव्ह आणि कांता दिहाल या दोन संशोधकांनी २०२० मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, एआयची बहुतेक चित्रं गोरी असतात. प्लॅस्टिकचा रंग तर पांढरा असतोच, पण नाक-डोळे, आवाज, बोलण्याची ढबही गोऱ्या माणसाची. हुशार यंत्र म्हटलं की गोरा माणूस डोळ्यासमोर येतो, याचा अर्थ 'हुशार' म्हटल्यावर कोण डोळ्यासमोर येतं ते तपासून बघा. आरशासमोर उभं राहून तपासलं तर आणखी बरं.

तिसरी गफलत बाईची. हुकूम ऐकणारा मदतनीस असला की त्याला हटकून बाईचा आवाज. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाने याच गोष्टीवर बोट ठेवलं : सदैव गोड, कधीही न रागावणारी, सांगेल ते करणारी सेविका ही प्रतिमा यातून पक्की होते. आपल्याकडेही २०२३ मध्ये वृत्तवाहिन्यांवर एआय निवेदिका आल्या. एका हिंदी वाहिनीवर 'सना', ओडिशातल्या एका वाहिनीवर हातमागाची साडी नेसलेली 'लिसा'. दोघी तरुण, दोघी देखण्या. साठीची, जाड भिंगाचा चष्मा लावलेली एआय निवेदिका काही कुणाला सुचली नाही.

चौथी गफलत सगळ्यात महत्त्वाची. चित्रात रोबोट एकटा असतो. तो जणू आपला आपण उगवला, स्वतःच विचार करतो, स्वतःच ठरवतो. मग यंत्राने चुकीचा निर्णय दिला की आपणही म्हणतो, "एआयने केलं." कुणी बनवलं, कुणी विकत घेतलं, कुणी डोळे मिटून सही केली, ही माणसं चित्राबाहेर निवांत उभी. आणि ज्यांनी चौकोन काढले त्यांना तर चित्राच्या आत येऊच दिलं नाही. बघणाऱ्याच्या हाती उरतात दोनच गोष्टी : भक्ती नाहीतर भीती. मावशींच्या 'पोळ्या लाटंल का?' मध्ये भीती होती आणि ती माझ्या चित्राने घातली होती. रूममेटला मी हेच सांगितलं. तो गप्प झाला. (पटलं म्हणून की झोप आली म्हणून, ते कळलं नाही.)

नऊवारीतला रोबोट

मग मी जोरात कामाला लागलो. विविधता पाहिजे ना? घ्या विविधता! त्या रात्री मी रोबोटला आधी सावळा केला, मग फेटा बांधला, मग नऊवारी नेसवली. शेवटी गेरूच्या रंगावर पांढरे त्रिकोण जोडून वारली रोबोटही काढला, हातात तारपा दिला. विंगमध्ये दाखवत फिरलो. लोक पोट धरून हसले. आमच्या विंगमध्ये पालघरकडचा एक मित्र आहे. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "वारलीतला माणूस काहीतरी करत असतो. लावणी करतो, पाणी भरतो, नाचतो. तुझा नुसता उभाय."

बरोबर होतं त्याचं. मी पुतळा तोच ठेवला होता, फक्त कपडे बदलले होते. ही युक्ती किती जुनी आहे ते नंतर कळलं. १७७० साली व्हिएन्नामध्ये फोन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने महाराणी मारिया थेरेसाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं. मोठी पेटी, तिच्यामागे बसलेला डगला-पागोटं घातलेला तुर्की वेशातला पुतळा. भलेभले हरले. खरं काय होतं? पेटीच्या आत एक जिवंत बुद्धिबळपटू अंग चोरून बसलेला असायचा. लोक पागोट्याकडे बघत राहिले आणि आतला माणूस कुणाला दिसला नाही.

याच यंत्राचं नाव, 'मेकॅनिकल टर्क', अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये आपल्या एका सेवेला दिलं. संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामं त्यावर जगभरच्या लोकांकडून थोड्या थोड्या पैशांत करून घेतात. आणि २००९ मध्ये जाहीर झालेला 'इमेजनेट' हा चित्रसंग्रह, ज्याच्या जोरावर पुढे यंत्रांना फोटोतल्या वस्तू ओळखता यायला लागल्या, त्यातली कोटीभराहून जास्त चित्रं याच सेवेवरच्या माणसांनी निवडून दिली. मावशींची लेक याच लांबलचक रांगेतली आहे.

वीज कुणी पाहिलीय?

इथे एक अडचण येते. जे दिसत नाही ते काढायचं कसं? थोडा विचार केला की लक्षात येतं, हे कोडं नवीन नाही. वीज तरी कुणी पाहिलीय? तारेतून काय वाहतं ते डोळ्यांना दिसत नाही. पण वीज काढ म्हटलं तर कुणी बल्ब काढेल, कुणी खांब, कुणी डीपीवरची कवटी आणि 'धोका' ची पाटी, कुणी लोडशेडिंगमधली मेणबत्ती, कुणी रात्री शेतात मोटर चालू करायला निघालेला शेतकरी. प्रत्येक चित्र खरं, कारण प्रत्येकात वीज कुठे येते, कुणाकडे येते आणि कुणाकडे येत नाही, ते आहे. एआयचंही असंच करता येईल. ते कुठून येतं, कशाचं बनलंय, कुणावर चालतं, कुठे चुकतं, यातलं काहीही एक धरा. जगात काही कलावंतांनी नेमकं हेच केलंय. थोडक्यात ओळख करून देतो.

डेटा काढणारी : अ‍ॅना रिडलर ही ब्रिटिश चित्रकार. २०१८ मध्ये तिने ट्युलिपच्या फुलांचे सुमारे १०,००० फोटो स्वतः काढले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : रंग कोणता, कळी की उमललेलं, पट्टे आहेत की नाहीत. मग ते सगळे फोटो भिंतीवर ओळीने लावले. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की डेटासेट आभाळातून पडत नाही, कुणाची तरी पाठ त्यात मोडते. 'हा रंग पांढरा म्हणू की फिकट गुलाबी?' हा निर्णयही कुणीतरी माणूसच घेतो.

सामान काढणारे : केट क्रॉफर्ड आणि व्लादान योलर यांनी २०१८ मध्येच 'अ‍ॅनाटमी ऑफ अ‍ॅन एआय सिस्टीम' नावाचा एक भलामोठा नकाशा केला. घरातल्या टेबलावरचा एक बोलका स्पीकर घेतला आणि त्याच्या मागचं सगळं उकललं : खाणीतलं लिथियम, धातू गाळणं, जहाजं, कारखाने, केबल, डेटा सेंटर, काम करणारी माणसं आणि शेवटी भंगार. पुढे तो नकाशा न्यूयॉर्कच्या 'मोमा' या संग्रहालयाने घेतला. आपल्या ड्रॉइंगच्या सरांना दाखवण्याजोगं शीट आहे!

चूक दाखवणारी : जॉय बुओलाम्विनी ही एमआयटीतली संशोधक. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरताना तिच्या लक्षात आलं की कॅमेऱ्याला तिचा काळा चेहरा दिसतच नाही, पण पांढरा मुखवटा लावला की लगेच दिसतो. तिने टिमनिट गेब्रूबरोबर २०१८ मध्ये तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! तिने यावर शोधनिबंध लिहिला, शिवाय स्वतः कविता करून म्हटल्या. माझ्या मते पांढरा मुखवटा हातात धरलेली ती काळी मुलगी, हे एआयचं आजवरचं सगळ्यात नेमकं चित्र आहे. त्यात एकही रोबोट नाही.

घरचं काढणारी : स्टेफनी डिंकिन्स ही अमेरिकन कलावंत. तिने आपल्या कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यावर बोलणारं एक शिल्प तयार केलं. डेटा थोडा असल्यामुळे ते कधीकधी भलतंच उत्तर देतं. देईना का. आपल्या आजीनेही सरळ उत्तर कधी दिलंय?

या शिवाय २०२१ मध्ये 'बेटर इमेजेस ऑफ एआय' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. कलावंतांकडून एआयची वेगळी चित्रं काढून घ्यायची आणि ती कुणालाही फुकट वापरू द्यायची, असं त्याचं स्वरूप. मेंदू, रोबोट, निळा प्रकाश, उतरणारे आकडे, टेकणारी बोटं, हे सगळं टाळा असं त्यांचं सांगणं. माझ्या पोस्टरने त्यांच्या यादीतला जवळजवळ प्रत्येक गुन्हा केला होता. एकाच वेळी एवढे विषय राहण्याचा हा माझा विक्रमच.

मशीनला सांगितलं तर?

कुणी म्हणेल, आता चित्र हाताने काढायची गरज काय? एआयलाच सांग, तुझं चित्र काढ म्हणून. मी सांगून बघितलं. काय आलं असेल? निळा रोबोट!

यामागचं कारण साधं आहे. ही सॉफ्टवेअर्स चित्र आणि त्याखालचा मजकूर यांच्या जोड्यांवर शिकतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'लायन' नावाच्या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. ज्या मजकुरात 'एआय' आहे त्याच्यासोबत वर्षानुवर्षं निळे रोबोटच चिकटवलेले असतील, तर यंत्र तेच शिकणार. मागच्या बॅचच्या जर्नलवरून आपण उतरवतो, आपल्यावरून ज्युनियर उतरवतात, आणि पहिल्याने केलेली चूक पिढ्यानपिढ्या चालते, तसंच हे. शिवाय आपण काढलेले नवे निळे रोबोट पुन्हा इंटरनेटवर जाणार आणि पुढच्या यंत्राच्या अभ्यासाला बसणार.

यातून वाट एकच. 'एआय' हा शब्दच वापरायचा नाही. कुठलं यंत्र, काय करतंय, कुठे, कुणासमोर, हे सांगायचं. ते सांगण्यासाठी आधी ते माहीत पाहिजे, आणि माहीत व्हायचं तर खुर्चीतून उठायला पाहिजे. ठाणे-वाशी लोकलच्या वाटेवर ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटर्स आहेत. अवाढव्य इमारती, गार ठेवणारी यंत्रं, बाहेर डिझेल जनरेटर. 'क्लाउड' म्हणतात तो ढग असा जमिनीवर उभा आहे! स्केचबुक घेऊन कधी त्या बाजूला गेलात तर बघा.

आणखी एक गोष्ट वाचली आणि फार बरं वाटलं. यंत्राला मराठी बोलणं कळायचं तर मराठी आवाज लागतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ३६ जणांकडून मोबाइलवर वाक्यं वाचून घेऊन १०९ तासांचं मराठी रेकॉर्डिंग जमवलं गेलं. त्यात खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते आणि विद्यापीठातले विद्यार्थीही होते. निष्कर्ष असा की कमी उत्पन्नाच्या लोकांनी केलेल्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या कामासारखाच निघाला. वाचून मला काय दिसलं सांगू? ओट्यावर बसून, कोंबड्या हाकलत, मोबाइलमध्ये एकेक वाक्य वाचणारी एखादी बाई. उद्या तुमचा फोन तुमचं मराठी ओळखेल तेव्हा त्यात असा कुणाचा तरी आवाज मुरलेला असू शकतो. काढा की हे चित्र!

दोन डोळे आणि एक चौकोन

शेवटी मावशींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं ठरवलं. पोस्टर कलर काढले आणि त्यांच्या लेकीचं चित्र रंगवलं : फिरती खुर्ची, कानावर हेडफोन, समोर दोन मॉनिटर. मावशींना दाखवलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढायला लावला आणि लेकीला पाठवला. संध्याकाळी तिचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. आधी ती भरपूर हसली. मग म्हणाली, "दादा, खुर्ची प्लॅस्टिकची आहे. हेडफोन कशाला? फोटोला आवाज नसतो. आणि मॉनिटर एकच."

म्हणजे पुन्हा तेच! रोबोट गेला, पण मी न पाहिलेलंच रंगवत होतो. ज्याचं चित्र काढायचं त्याला विचारायचं असतं, एवढी साधी गोष्ट. मग नीट विचारलं : तुमच्या कामात अवघड काय असतं?

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "रात्रीचे फोटो. काळी म्हैस, काळा रस्ता, लाइट नाही. काहीच दिसत नाही. फक्त गाडीच्या उजेडाने तिचे डोळे चमकतात. दोन ठिपके. बाकीची म्हैस मला माहीत असते ना, घरी होती आमच्या. डोळ्यांवरून अंदाज घेते, इथे पाठ असेल, इथे शेपूट, आणि चौकोन काढते. नाही काढला तर गाडी तिला धडकायची."

मी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. ज्या हुशारीला आपण 'कृत्रिम' म्हणतो, ती तालुक्याच्या गावातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिला रात्रीच्या अंधारात म्हैस दिसत होती, कारण तिने धारा काढल्या होत्या.

नवं पोस्टर अर्ध्या तासात झालं. काळा कागद. मधोमध दोन चमकते ठिपके. त्यांच्याभोवती म्हशीच्या मापाचा एक बारीक पिवळा चौकोन, आणि चौकोनाच्या कोपऱ्यावर माऊस धरलेला हात. बाकी काही नाही.

कमिटीने ते गेटवर लावायला नकार दिला. "लोकांना कळणार नाही," असं कारण आलं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नव्हतं. रोबोट लांबून ओळखता येतो, म्हशीसाठी जवळ यावं लागतं. फ्लेक्सचे पैसे दिलेले होते, त्यामुळे निळा बाबा फेस्टभर गेटवर राहिला. माझा काळा कागद मेसमध्ये बेसिनशेजारी लागला. तिथे मात्र हात धुता धुता लोक थांबायचे. "हे काय आहे रे?" "डोळे आहेत का?" "मांजर?" मग कुणीतरी सांगायचं, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे हे सगळं माणसं करतात?" मला या प्रश्नासाठीच ते काढायचं होतं, हे तोवर माझं मलाही कळलं नव्हतं.

मावशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "ही म्हस व्हय?" मग चौकोनाच्या कोपऱ्यातल्या हाताजवळ बोट नेलं, पण पिठाचं बोट म्हणून चित्राला लावलं नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वर्षी टेक-फेस्टचं पोस्टर कुणीतरी तुमच्यातलाच किंवा तुमच्यातलीच करणार आहे. विषय पुन्हा एआयच असेल, पैजेवर सांगतो. तेव्हा निळा रंग उघडायच्या आधी एक चक्कर मारून या. लायब्ररीत पुस्तकं शोधून देणाऱ्या मॅडमना विचारा, मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून चुकीच्या गल्लीत घुसलेल्या रिक्षावाल्याला विचारा, गावाकडे पिकाचा फोटो पाठवून सल्ला मागणाऱ्या काकांना विचारा, यंत्राने काय सांगितलं आणि मग त्यांनी काय केलं ते. प्रत्येकाचं एआय वेगळं निघेल. चित्रंही आपोआप वेगळी निघतील, त्यासाठी कुणाला फेटा बांधायची गरज पडणार नाही.

रंग आणि ब्रश माझ्या खोलीत आहेत, दुसरा मजला, जिन्याला लागून. केव्हाही येऊन घेऊन जा. फक्त ब्रश धुऊन परत द्या, गेल्या वेळी दोन वाळून गेले.